पाठीचे मणके आखडले की पोट बिघडतं का? (ऑस्टिओपॅथीबद्दल)

सायली_क

नमस्कार मंडळी. जाणकारांनी सविस्तर लिहावं अशी विनंती आहे.

सासऱ्यांचं वय पंचाहत्तरच्या पुढे. ॲसिडिटी जुनीच आहे, पण गेल्या वर्षभरात जेवण झालं की छातीच्या खाली दडपल्यासारखं होतं आणि खाली वाकलं की आंबट पाणी वर येतं. पाठ मधल्या भागात कायम आखडलेली. कोणीतरी सुचवलं म्हणून ते एका ऑस्टिओपॅथकडे (मणके, सांधे, स्नायू हाताने दाबून-हलवून उपचार करणाऱ्याकडे) जाऊ लागले. त्यांनी पाठीवरून बोटं फिरवून सांगितलं की छातीच्या पाचव्या ते नवव्या मणक्यांची हालचाल अडकली आहे, जठराला जाणाऱ्या नसा तिथूनच निघतात, म्हणून जठर नीट काम करत नाही. मणके मोकळे झाले की पोट सुधारेल.

सासऱ्यांना हे पटलंय, कारण तिथून आल्यावर एक-दोन दिवस त्यांना खरोखर हलकं वाटतं. आता ते गोळ्या बंद करायचं म्हणताहेत. नवऱ्याच्या मते ही शुद्ध थापेबाजी आहे. मला तसं सरसकट म्हणवत नाही. तो माणूस मन लावून तपासतो, सगळं ऐकून घेतो.

तर प्रश्न असा: हाडं, स्नायू, सांधे यांच्या बिघाडाचा आतल्या अवयवांवर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर कोणत्या वाटेने, आणि किती?

वाचनवेडा

चांगला विषय. खुर्चीत ताठ बसून वाचतोय.

रोखठोक

गोळ्या बंद करू देऊ नका, हे आधी. बाकी चर्चा नंतर.

मणका 'अडकल्यामुळे' जठर बिघडतं याला मला आधार दिसत नाही. हृदय प्रत्यारोपणात जुन्या हृदयाच्या नसा कापल्या जातात. नवं हृदय त्या नसांशिवायच धडधडतं आणि माणूस जिने चढतो. नस पूर्ण तुटून अवयव चालतो, तर मणक्याची हालचाल जराशी कमी झाली म्हणून तो बंद कसा पडेल? शिवाय जठराची मुख्य नस म्हणजे व्हेगस. ती कवटीच्या तळातून बाहेर पडते आणि मानेतून, छातीतून खाली उतरते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही.

अभय_शरीरक्रिया

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्यामुळे 'कोणत्या वाटेने' या प्रश्नावर थोडं लांबण लावतो.

रोखठोक, व्हेगसबद्दल बरोबर. पण जठराला दुहेरी नसपुरवठा असतो. व्हेगस एक, आणि दुसरा सिंपथेटिक (आपोआप चालणाऱ्या नसांचा, ताणाच्या वेळी उसळणारा भाग). हा दुसरा मज्जारज्जूच्या छातीतल्या भागातून, साधारण पाचव्या ते नवव्या पातळीवरून निघतो. म्हणजे सायलीताईंना सांगितलेला नकाशा खोटा नाही. हृदयासाठी तो साधारण पहिली ते पाचवी पातळी, यकृत-पित्ताशयासाठी सहावी ते नववी (बहुधा उजवीकडे), मूत्रपिंडासाठी दहावीच्या आसपास. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे.

आता महत्त्वाचं. अवयवाकडून येणारे वेदनेचे तंतू आणि त्याच पातळीवरच्या त्वचेकडून, स्नायूंकडून येणारे तंतू मज्जारज्जूत एकाच पेशींवर येऊन मिळतात. दोन घरांना मिळून एकच घंटा असावी तसं. घंटा वाजते, पाहुणा कोणाकडे आलाय ते मेंदूला कळत नाही. म्हणून हृदय दुखतं तेव्हा डावा हात दुखतो, पित्ताशय सुजलं की उजव्या खांद्यात कळ येते, प्लीहा फुटली की डावा खांदा दुखतो. हेन्री हेड यांनी १८९३ मध्ये अशा त्वचेच्या पट्ट्यांचे नकाशे काढले होते. नुसती वेदनाच नाही, तर त्या पातळीवरचे पाठीचे स्नायू कडकही होतात. याला अवयवाकडून शरीरभित्तीकडे (त्वचा, स्नायूंकडे) जाणारा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) म्हणतात आणि याबद्दल वाद नाही.

ऑस्टिओपॅथीचा दावा एक पाऊल पुढचा आहे: हीच वाट उलटीही चालते, स्नायू-सांध्यांतून सतत येणारे संदेश अवयवाचं काम बिघडवतात. हेही अगदीच हवेतलं नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिओ सातो यांनी भूल दिलेल्या उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं. पोटाच्या त्वचेला चिमटा घेतला की जठराची हालचाल मंदावते. मेंदूशी संबंध तोडून नुसता मज्जारज्जू शाबूत ठेवला तरी मंदावते. पायाला चिमटा घेतला तर उलट वाढू शकते, आणि ती व्हेगसमार्गे. म्हणजे वाट आहे. फक्त परिणाम चिमटा असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ टिकतो. तो महिनोन्महिने टिकून आजार निर्माण करतो, ही साखळीतली कडी कोणी पक्की केलेली नाही.

शुभदा_व

अभय सर, फार सोपं करून सांगितलंत. घंटेचं लक्षात राहील.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असतो, माझे फॅमिली डॉक्टर डीओ आहेत म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो.

इथे डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, हा पूर्ण डॉक्टर. औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, एमडींच्याच रुग्णालयांत काम करतात. शिक्षणात हाताने करायच्या उपचारांचा भाग जास्तीचा असतो, पण बरेच जण पुढे रोजच्या कामात तो फारसा वापरत नाहीत. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा वेगळा नोंदणीकृत व्यवसाय आहे, १९९३ च्या कायद्याने. तो डॉक्टर नसतो. एकच नाव, पण दोन वेगळी माणसं. सायली, तुमच्या सासऱ्यांना तपासणारे यातले कोण, हे आधी बघा.

सुरुवात अँड्र्यू टेलर स्टिल यांची. सीमेवरच्या वस्त्यांमध्ये डॉक्टरकी करणारा माणूस. १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली आणि तेव्हाच्या औषधांवरून त्यांचा विश्वास उडाला. त्या काळी पाऱ्याची औषधं सर्रास दिली जात हे लक्षात घेतलं तर त्यांचा राग समजतो. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसूरीतल्या किर्क्सव्हिलला शाळा काढली. रचना बिघडली की रक्तप्रवाह अडतो आणि त्यातून आजार होतो, ही त्यांची मूळ कल्पना. नसांचा भाग पुढच्यांनी जोडला.

रोखठोक

धन्यवाद. म्हणजे आधी 'रक्त अडतं' आणि मग 'नस अडते'. कारण बदललं, उपचार तोच राहिला. मला नेमकी हीच गोष्ट खटकते.

कृष्णाकाठ

रोखठोक, पण १९१८ च्या फ्लूच्या साथीत ऑस्टिओपॅथांचे रुग्ण फारच कमी दगावले असं वाचलंय. त्याचं काय?

रोखठोक

ते आकडे ऑस्टिओपॅथांनी स्वतःच्या रुग्णांबद्दल स्वतःच कळवलेले होते. तुलनेला दुसरा गट नाही, रुग्ण किती आजारी होते याची बरोबरी नाही. त्या साथीत कुठल्याच उपचाराचा जोर चालत नव्हता. अशा वेळी ज्यांनी घातक औषधं दिली नाहीत त्यांचे रुग्ण बरे राहिले असणंही शक्य आहे. त्यावरून मणक्यांबद्दल काही सिद्ध होत नाही.

मृणाल_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चर्चा नसांमध्ये अडकली आहे असं मला वाटतं. हाडा-स्नायूंचा अवयवांवर सगळ्यात ठळक परिणाम होतो तो नसांमुळे नाही, सरळ जागेमुळे आणि हालचालीमुळे.

फुप्फुसाला स्वतःचे स्नायू नाहीत. बरगड्या उचलल्या आणि श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडद्यासारखा स्नायू) खाली गेलं तरच हवा आत येते. कण्याला मोठा बाक असला (स्कोलिओसिस), तर छातीचा पिंजराच आक्रसतो आणि बाक फार वाढला की श्वास अपुरा पडून हृदयावर ताण येतो. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या कण्याच्या सांध्यांच्या आजारात बरगड्यांचे कण्याशी असलेले सांधे गोठतात. तिथे टेप लावून छाती किती फुगते ते आम्ही मोजतो, अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर काळजी. हाडं ठिसूळ होऊन छातीतले मणके चेपले गेले तर फुप्फुसाची क्षमता घटते. एका जुन्या अभ्यासात प्रत्येक चेपलेल्या मणक्यामागे ती सुमारे ९ टक्के कमी भरली होती.

खाली या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शौचाच्या वेळी सैल व्हायला हवेत. काही जणांचे नेमके त्याच वेळी आवळले जातात. आतडं ठणठणीत असतं आणि तरी बद्धकोष्ठ वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. या लोकांना रेचकं देऊन फार उपयोग होत नाही. स्नायू सैल सोडायला शिकवलं, पडद्यावर त्यांच्याच स्नायूंचा आलेख दाखवून सराव करून घेतला, की फरक पडतो. हा स्नायूचा बिघाड आणि अवयवाचा त्रास यांचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे, आणि याबद्दल बोलायला लोक लाजतात म्हणून तो मागे राहतो.

सायली, आता तुला काही विचारते. सासऱ्यांची उंची कमी झाल्यासारखी वाटते का? पाठीला पोक आलाय का? त्यांना भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं कर आणि बघ, हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का. मग मागून उभी राहून त्यांच्या शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मध्ये किती बोटं मावतात ते बघ. हे सगळं आज करता येईल.

सायली_क

मृणालताई, संध्याकाळी करून बघते. पोक आहे, पण 'वयाने येतोच' म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

इंदुमती_देव

मृणाल यांनी बद्धकोष्ठाचं मोकळेपणाने लिहिलं म्हणून मीही लिहिते. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला हाच त्रास होता. किती चूर्णं, किती पथ्यं झाली याला गणती नाही. शेवटी एका तज्ज्ञ बाईंनी बोटाने तपासून सांगितलं, 'तुम्ही जोर लावताना दार बंद करताय.' मला ते आधी समजलंच नाही. त्यांनी पोटावर हात ठेवून श्वास खाली सोडायला लावला, पायाखाली छोटं स्टूल ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर घ्यायला लावले, आणि श्वास सोडत सोडत खालचा भाग सैल करायचा सराव दिला. काही महिन्यांत आयुष्य बदललं. हे बायकांनी बायकांना सांगायला हवं.

मंद्रसप्तक

शास्त्रीय गायन शिकवते. बरगड्या बाजूंना उघडल्या की आवाजच नाही, पोटही हलकं होतं असं विद्यार्थी सांगतात. यामागे काही आहे का, की आमची समजूत?

अभय_शरीरक्रिया

मंद्रसप्तक, आहे. अन्ननलिका श्वासपटलातल्या एका फटीतून पोटात उतरते. त्या फटीभोवतीचे श्वासपटलाचे तंतू अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला बाहेरून आधार देतात. म्हणजे ही झडप अर्धी गुळगुळीत स्नायूची आणि अर्धी हाडांना जोडलेल्या स्नायूची. पोटाने श्वास घेण्याचा सराव करून आम्ल वर येण्याचा त्रास कमी झाल्याचं छोट्या नियंत्रित चाचण्यांत दिसलंय. अभ्यास लहान आहेत, पण कारण समजण्याजोगं आहे आणि धोका काही नाही.

कृष्णाकाठ

मग ऑस्टिओपॅथ श्वासपटल 'मोकळं' करतात ते बरोबरच की!

अभय_शरीरक्रिया

सराव आणि 'मोकळं करणं' यात फरक आहे. सराव रुग्ण स्वतः रोज करतो, स्नायू बदलतो. हाताने दाबून काही मिनिटांत श्वासपटल कायमचं बदलतं असं मानायला आधार कमी आहे. तात्पुरतं सैल होणं मात्र शक्य आहे, आणि सायलीताईंच्या सासऱ्यांना एक-दोन दिवस हलकं वाटतं ते बहुधा तेच.

निनाद_०७

मी ऑस्टिओपॅथी परदेशात शिकलोय, आता प्रॅक्टिस करतो. इथे आमची बाजू मांडणारं कोणी दिसत नाही म्हणून लिहितो.

'मणका सरकला' किंवा 'अडकला' ही भाषा आमच्यातले काही लोक वापरतात, ती मलाही आवडत नाही. आमच्याकडे शब्द आहे सोमॅटिक डिसफंक्शन. त्यात चार गोष्टी बोटांनी शोधायच्या: ऊतींचा पोत बदललाय का, दोन्ही बाजूंत फरक आहे का, हालचाल कमी आहे का, दाबल्यावर दुखतं का. १९४० च्या दशकात डेन्स्लो आणि कोर या ऑस्टिओपॅथीवर काम करणाऱ्या संशोधकांनी मणक्यांच्या काटेरी प्रवर्धांवर (पाठीवर हाताला लागणाऱ्या टोकांवर) मोजून दाब दिला आणि स्नायू कधी आकुंचन पावतो ते विद्युत नोंदीने पाहिलं. काही पातळ्यांवर अगदी कमी दाबाला स्नायू उडायचा. मज्जारज्जूचा तो भाग आधीच 'चेतवलेला' असतो, ही संकल्पना तिथून आली. आज वेदनाशास्त्रात मज्जारज्जूची संवेदनशीलता वाढते असं सगळेच म्हणतात. कोर यांनी ते फार आधी मांडलं होतं.

आणि आमचं चांगलं प्रशिक्षण काय शिकवतं? पाठीत एका पातळीवर घट्टपणा सापडला आणि तो उपचाराने जात नाही, किंवा पुन्हा पुन्हा तिथेच येतो, तर आत अवयव बघा. माझ्याकडे उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखणारा एक मध्यमवयीन गृहस्थ यायचा. दाबून दुखायचं, पण हात-पाठ कशीही हलवली तरी वेदना बदलत नव्हती. आणि ती जेवणानंतर यायची. मी हात न लावता सोनोग्राफीला पाठवलं. पित्ताशयात खडे होते. माझ्या मते या सगळ्या ज्ञानाचा पहिला उपयोग हा आहे.

रोखठोक

निनाद, तुमचा प्रतिसाद आवडला, मनापासून. पण मग प्रामाणिक उत्तर द्या. दोन वेगवेगळे ऑस्टिओपॅथ एकाच पाठीवर एकच 'घट्ट' जागा शोधतात का? आणि अवयवांवर हाताने उपचार केल्याचे निकाल काय?

निनाद_०७

पहिलं: दाबल्यावर दुखतं का, यावर दोन तपासणाऱ्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं. हालचाल कमी आहे का, यावर कमी होतं. कवटीच्या हाडांची सूक्ष्म लय हाताने कळते या दाव्यावर जवळजवळ होतच नाही, आणि मी ते करत नाही.

दुसरं: पाठदुखीसाठी निकाल संमिश्र आहेत. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत नेहमीचे उपचार आणि ऑस्टिओपॅथिक उपचार यांचा परिणाम सारखाच निघाला, पण हाताने उपचार झालेल्यांना औषधं कमी लागली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या ४०० रुग्णांच्या चाचणीत खोट्या उपचाराशी तुलना केली, तेव्हा फरक दिसला, पण इतका छोटा की रोजच्या आयुष्यात जाणवेल असं म्हणता येत नाही.

अवयवांचं म्हणाल तर सगळ्यात मोठा प्रयत्न न्यूमोनियावर झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ५० वर्षांवरचे ४०६ रुग्ण, तीन गट: नेहमीचे उपचार, सोबत नुसता हलका स्पर्श, सोबत खरे हाताचे उपचार. सगळ्यांचा हिशेब घेतला तर लक्षणीय फरक नाही. ज्यांनी ठरल्याप्रमाणे पूर्ण उपचार घेतले त्यांच्यापुरतं पाहिलं तर रुग्णालयातला मुक्काम ४.५ दिवसांऐवजी ३.५ दिवस. पण हलक्या स्पर्शाच्या गटातही तो ३.९ होता.

रोखठोक

हेच. स्पर्शाने, लक्ष दिल्याने माणसाला बरं वाटतं. त्याला मी कमी लेखत नाही. फक्त त्याला 'जठराची नस मोकळी झाली' असं नाव देऊ नये, कारण त्या नावावर माणूस गोळी बंद करतो.

शुभदा_व

+१. शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहायला हवं.

विक्रांत_स

विषयांतर होईल, पण लिहायलाच हवं. माझ्या मोठ्या भावाला दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये दुखायचं. एका ठिकाणी मसाज आणि मणक्यांचे उपचार चालू होते, प्रत्येक वेळी थोडं बरं वाटायचं. जिना चढला की दुखणं वाढायचं आणि थांबला की कमी व्हायचं, हे तो सांगायचाही, पण तिथे कोणी ते मनावर घेतलं नाही. शेवटी झटका आला. वाचला, स्टेंट टाकला, आज बरा आहे. पाठीवर दाबून दुखतंय म्हणून दुखणं पाठीचंच, असं कोणी म्हणालं की मला घाम फुटतो. अभय सरांनी सांगितलेली घंटा दोन्ही घरांची असते हे प्रत्येक मालिशवाल्यालाही माहीत हवं.

मृणाल_फिजिओ

विक्रांत, भाऊ बरे आहेत हे वाचून जीवात जीव आला.

याला धरूनच, वेदना स्नायूची की अवयवाची हे ओळखायला आम्ही काय बघतो ते लिहिते. स्नायू-सांध्याची वेदना विशिष्ट हालचालीने वाढते, विशिष्ट स्थितीत कमी होते. अवयवाची वेदना स्थितीला सहसा जुमानत नाही, आणि जेवण, लघवी, शौच, श्रम, मासिक पाळी यांच्याशी जोडलेली असते. पोटासाठी एक सोपी तपासणी आहे, कार्नेट यांच्या नावाची. रुग्णाला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि त्याला डोकं व खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं. कमी झालं तर आतलं, कारण ताठ स्नायूने आतल्या अवयवाला झाकलं. किती तरी जण 'पोटाच्या' दुखण्यासाठी एंडोस्कोप्या करून थकतात आणि मूळ असतं भिंतीत चिमटलेल्या एका छोट्या नसेत. म्हणजे घोळ दोन्ही बाजूंनी होतो.

आणि काही लक्षणांत थांबायचंच नाही: पाठदुखीबरोबर लघवी अडणं किंवा कळेनासं होणं, बसायच्या जागेवर बधिरपणा, पायांतली ताकद जाणं. त्या वेळी कण्याच्या तळाच्या नसा खरंच दबलेल्या असू शकतात आणि तासांचा प्रश्न असतो. इथे कणा आणि मूत्राशयाचं नातं कोणालाच नाकारता येत नाही.

अभय_शरीरक्रिया

मृणालताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा झालेल्या रुग्णाचं मूत्राशय भरलं, कॅथेटर (लघवीची नळी) अडकला, की त्याचा रक्तदाब एकदम धोकादायक उंचीवर जातो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. पायाच्या नखाला इजा झाली तरी असं होऊ शकतं, आणि रुग्णाला ते नख दुखलेलं कळतही नाही. संदेश मज्जारज्जूत पोचतो, सिंपथेटिक नसा उसळतात आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. शरीरभित्तीकडून अवयवांकडे जाणारी वाट किती ताकदीची असू शकते ते इथे उघडं दिसतं. निरोगी माणसात मेंदू तिच्यावर सतत लगाम ठेवतो, म्हणूनच आखडलेल्या पाठीने आपलं जठर कोलमडत नाही. रोखठोक आणि निनाद या दोघांचंही म्हणणं मला यात बसताना दिसतं.

तान्हुल्याची_आई

बाळाच्या पोटदुखीसाठी, रात्रभर रडतं त्यासाठी, ऑस्टिओपॅथीचा उपयोग होतो का? मैत्रीण आग्रह करतेय.

निनाद_०७

ताई, मी तान्ह्या बाळांना घेत नाही. ज्या अभ्यासांत फायदा दिसला त्यांत उपचार झालाय हे आईवडिलांना माहीत होतं आणि रडण्याची नोंदही तेच करत होते. ज्यांत त्यांना माहीत नव्हतं, तिथे ठोस फायदा उरत नाही. हे रडणं बहुतेक बाळांत तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. ताप, वजन न वाढणं, हिरवी उलटी असं काही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञ. नसेल तर बाळाला आळीपाळीने घ्या आणि तुम्ही झोप घ्या.

तान्हुल्याची_आई

खूप आभार. शेवटचा सल्ला नवऱ्याला दाखवते.

सायली_क

मंडळी, उशीर झाला, पण सगळं सांगते.

मृणालताईंनी सांगितल्याप्रमाणे सासऱ्यांना भिंतीला उभं केलं. डोकं टेकतच नव्हतं, मध्ये माझी चार बोटं सहज जात होती. बरगडी आणि कमरेच्या हाडामध्ये एक बोटही नीट मावेना. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी पाठीचा एक्स-रे काढायला लावला. छातीतले दोन मणके पुढच्या बाजूने चेपलेले निघाले. कधी झालं कोणालाच माहीत नाही, पडल्याचंही आठवत नाही. हाडांची घनता तपासली, ती बरीच कमी आहे. एंडोस्कोपीत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या फटीतून छातीत सरकलेला दिसला. हायटस हर्निया.

ऑस्टिओपॅथना हे रिपोर्ट दाखवले. त्यांनी पाहताक्षणी जोराचे सगळे उपचार थांबवले आणि स्वतःच म्हणाले की आता हाडांच्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते करू. मला त्यांचा हा गुण आवडला.

मृणाल_फिजिओ

सायली, वेळेत कळलं. ठिसूळ मणक्यांवर जोराचा झटका दिला असता तर आणखी एखादा चेपला असता.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुझ्याच घरात आहे. त्यांच्या कण्याचा पोटावर परिणाम झालाय, जवळजवळ नक्कीच. पण तो नस अडकून झालेला नाही. कणा पुढे झुकला, बरगड्या कमरेवर टेकल्या, पोटाला जागा उरली नाही, आतला दाब वाढला आणि जठर वर ढकललं गेलं. पोक आलेल्या वृद्धांमध्ये हायटस हर्निया जास्त आढळतो, हे माहीत असलेलं आहे.

रोखठोक

मी आधी लिहिलं त्यात भर: मणक्याने पोट बिघडू शकतं, हे या प्रकरणात मान्य. कारण दिसतंय, मोजता येतंय.

निनाद_०७

आणि माझ्या व्यवसायातल्या लोकांना मी एवढंच सांगेन की साठीच्या पुढच्या पाठीला हात लावण्याआधी उंची विचारा. सायलीताई, मणक्यांची हालचाल तिथे कमी होती हे त्यांच्या बोटांना बरोबर कळलं होतं. का कमी आहे, हे एक्स-रेने सांगितलं.

सायली_क

गोळ्या चालूच राहणार, हे आता सासऱ्यांनी स्वतःच ठरवलंय. हाडांसाठी औषध सुरू झालंय. व्यायाम काय करावा, काय टाळावं हे कोणी सांगेल का? आणि रात्री कसं झोपावं?

मृणाल_फिजिओ

टाळायचं आधी: खाली वाकून वजन उचलणं, पुढे वाकून पायाची बोटं पकडणं, वाकलेल्या अवस्थेत कंबर पिळणं. चेपलेल्या मणक्यांवर यात सगळ्यात जास्त भार येतो. चपला घालताना बसून, पाय वर घेऊन.

करायचं: पाठीमागचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, पण तिथल्या फिजिओने समोर उभं राहून शिकवलेले. सुरुवात उताणं झोपून खांदे जमिनीकडे हलके दाबण्यापासून होते. सोबत मंद्रसप्तक म्हणतात तसा बरगड्या बाजूंना उघडणारा श्वास, रोज थोडा वेळ. जेवण थोडं थोडं, आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू उचल. नुसत्या उशा रचल्या तर पोट आणखी दुमडतं आणि त्रास वाढतो.

अभय_शरीरक्रिया

हाडांचं औषध नेमकं कोणतं दिलंय ते बघा, सायलीताई. त्यातल्या काही गोळ्या अन्ननलिकेला झोंबतात. त्या पेलाभर पाण्याबरोबर घेऊन किमान अर्धा तास ताठ बसावं लागतं. हायटस हर्निया आणि जळजळ आहे हे हाडांच्या डॉक्टरांना नक्की सांगा, इंजेक्शनाचा पर्याय असतो.

सायली_क

गोळीच दिली आहे, आठवड्यातून एकदा. उद्याच फोन करते त्यांना.